आठ बोटं

दोन्ही अंगठे तळव्यात मुडपून ताई आठ बोटं समोरच्याच्या नाकापुढे धरायच्या आणि म्हणायच्या, "आधी आठानं भागा, मग माझ्याशी बोला." आमच्या कुकटपल्लीच्या ऑफिसात ही बोटं ज्याने पाहिली नाहीत, तो अजून कामाला लागलेलाच नाही असं आम्ही समजत असू.

काम आमचं साधं. जुन्या, मरायला टेकलेल्या यंत्रांतली माहिती टेलिफोन कंपनीच्या लाइनवरून नव्या जागी आणायची. घरी इंटरनेट घेताना तुमचीही एकदा फसगत झालीच असेल. लाइनवाले वेग बिटमध्ये सांगतात, डिस्कवाले बाइटमध्ये, आणि एका बाइटात बिट आठ. "लाइनवाला दाणे मोजतो, डिस्कवाला मुठी," ताई म्हणायच्या. "दाण्यांना मुठी समजलात की झालं वाटोळं."

ताई मूळच्या सुलतान बाजारच्या. मराठी बोलता बोलता दखनी हिंदीत कधी शिरायच्या, त्यांनाच कळत नसे. मी पुण्याहून नवा आलो तेव्हा लाइनचा आकडा तसाच घेऊन त्यांच्यापुढे उभा राहिलो. "पुण्यात आठाचा पाढा नसतो का जी?" सगळं ऑफिस हसलं. पुढे हिमायतनगरला त्यांच्या भाचीच्या लग्नात केटरर छातीठोकपणे म्हणाला, एका पंगतीत शंभर पानं उठवतो. मी मुकाट्याने आठ बोटं वर केली. ताई तोंडाला पदर लावून इतक्या हसल्या की नवरीकडचे लोक वळून बघायला लागले.

हसायच्या, पण धाकही तसाच होता. लाइन कंपनीचा एक भाई आमच्याकडे नेहमी यायचा. न भागलेला आकडा दिला म्हणून त्याने तर सगळ्यांसमोर त्यांची बोलणी खाल्ली होती.

मग ते काम आलं. शहरात आवाजावर उपचार करणारं एक केंद्र होतं. घशाच्या कॅन्सरमुळे ज्यांचं स्वरयंत्र काढावं लागे, त्यांचा आवाज ऑपरेशनआधी तिथे रेकॉर्ड करून ठेवत. कुणी नातवाला हाक मारलेली, कुणी नुसतं आपलं नाव सांगितलेलं. सगळे आवाज एका म्हाताऱ्या डिस्कवर. इमारत पाडायला निघाली होती, परवा सकाळी वीज तुटणार होती. डिस्क तापत होती, एकदा थांबली तर पुन्हा फिरेल याचा भरवसा नव्हता. त्या यंत्राला आजची कुठलीच डिस्क जोडता येईना. आवाजांना बाहेर पडायला वाट एकच, ती लाइन.

भाईने लाइनचा वेग कागदावर लिहून दिला. ताईंनी आठाने भागलं आणि पेन खाली ठेवलं.

"सगळे नाही येत. निवडावे लागतील."

"कसे निवडायचे?" केंद्राच्या डॉक्टरबाईंनी विचारलं.

"जे जिवंत आहेत त्यांचे आधी. दुसरा नियम नक्को."

गेलेल्यांचे आवाज मागे ठेवून त्याच सकाळी काम सुरू झालं. ताईंच्या हिशेबाने ते परवा सकाळपर्यंत चालणार होतं. संपताच यंत्र आपोआप बंद व्हावं अशी सोय त्यांनीच करून ठेवली, डिस्क उगाच तापायला नको म्हणून.

दुपारचा चहा पिऊन आम्ही केंद्रात परत आलो तर यंत्र बंद. निवडलेला प्रत्येक आवाज कुकटपल्लीला पोचलेला. डॉक्टरबाईंनी टाळ्या वाजवल्या. ताई मात्र पांढऱ्याफटक पडल्या. त्यांनी भाईकडे पाहिलं.

"आकडा कंपनीनं दिलेलाच होता ना?"

"हौ मॅडम. मगर आप गुस्सा करते बोलके मैंच पैले आठ से भाग देके लिखा."

भागलेलं पुन्हा भागलं गेलं होतं. म्हणजे वेळ होता! सगळेच आवाज आले असते, एकही मागे ठेवायची गरज नव्हती. ताईंनी धावत जाऊन यंत्र सुरू केलं. डिस्क नुसती टक टक करत राहिली. पुन्हा लावलं, पुन्हा तेच.

आता भाईची खैर नाही, असं मला वाटलं. ताईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तू बरोबरच भागलास, बेटा. जगाला भागायला लावलं, विचारायचं मीच विसरले."

डॉक्टरबाई चाचरत म्हणाल्या, "ताई, तुमच्या मिस्टरांचा आवाज तरी तुम्ही आधी काढून घेतला होतात ना?"

मी हादरलो. इतकी वर्षं शेजारच्या टेबलावर बसत होतो, त्यांचे यजमान याच केंद्रात यायचे हे मला ठाऊक नव्हतं. माणूस गेला तेव्हा आम्ही भेटायला गेलो, चहा पिऊन परत आलो, आणि काय झालं होतं हे कुणी विचारलंसुद्धा नाही.

"ते कुठं जिवंत आहेत जी?" ताई म्हणाल्या, आणि खाली वाकून त्यांनी त्या टकटकणाऱ्या डिस्कला कान लावला.

त्यानंतर त्या ऑफिसात आल्या नाहीत. डिस्क दुरुस्त करणाऱ्या दुकानांत ती घेऊन फिरतात, असं अधूनमधून कानावर येतं. ज्याला त्याला एकच विचारतात म्हणे, थोडं तरी निघेल का. भाई अजून येतो. कागद देताना माझ्याकडे न बघता सांगतो, "भागा नहीं है, साब."

त्या संध्याकाळी मी त्यांना ऑटोत बसवलं होतं. डिस्क मांडीवर, एका हाताने घट्ट धरलेली. ऑटो वळताना त्यांनी दुसरा हात निरोपाला वर केला. चारच बोटं दिसली. अंगठा सवयीने आत मुडपलेला होता.