मीही म्हटलं, ‘व्हय म्हाराजा’

‘आवड असली की सवड मिळते’ असं ऐकवणाऱ्या माणसाला आमच्या घरामागच्या माडावर अर्ध्यापर्यंत चढवावं आणि मग विचारावं, आवड कशी आहे?

घरामागे अकरा माड. नवरा बारा महिने गोव्यात नोकरीला, आणि नारळ उतरवणारा पाडेली चार महिने ‘उद्या येतंय’ सांगत होता. शेवटी एक सुकलेला नारळ पडवीचं कौल फोडून माझ्या पुढ्यात आला आणि माझं डोकं फिरलं. सत्तेचाळिसाव्या वर्षी मी वेंगुर्ल्याला जाऊन माडावर चढायचं सहा दिवसांचं शिक्षण घेतलं. यंत्र साधं असतं: पायात अडकवायच्या दोन लोखंडी पट्ट्या, त्यांच्या तारा खोडाभोवती. एक पाय उचलायचा, मग दुसरा. शेवटच्या दिवशी टाळ्या, फोटो, साहेबांचं भाषण. आवड-सवडीचं वाक्य त्यातलंच.

घरी येऊन दोन माड चढले. तिसऱ्याच्या वेळी पोटऱ्यांचं लाकूड झालं होतं, मुंग्यांनी मान फोडून काढली होती, आणि खाली टाळी वाजवायला कोणी नव्हतं. यंत्र पडवीत खुंटीला गेलं. त्याच्यावर मी धुतलेली पोती वाळत घालू लागले.

मग राखणदाराला, म्हणजे आमची जागा राखणाऱ्या देवाला, वर्षाचा नारळ ठेवायचा दिवस आला. वाडीतली माणसं जमली. गाऱ्हाणं घातलं माझ्या दिराने. गाऱ्हाण्यातल्या प्रत्येक मागण्याला जमलेल्यांनी होकार द्यायचा असतो.

“बा राखणदारा म्हाराजा! ह्या घरातल्या आमच्या वयनीक माडार चढाची जी काय बुद्धी झाली हा, ती तू फिरव, आणि तिचे हातपाय धड ठेव रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सगळे म्हणाले. मीही म्हणाले. लहानपणापासूनची सवय, मागणं काय ते डोक्यात शिरायच्या आधी तोंड मोकळं होतं. त्यात माझाच आवाज सगळ्यांत मोठा निघाला. बायका तोंडाला पदर लावून हसल्या.

दिराचा राग आलाच. माझी बुद्धी फिरवून घ्यायला हा कोण? पण खरी आग माझ्यावरच होती. तोंडून चुकून गेलं ते माझ्या मनात आधीपासून होतंच. यंत्रावर पोती राखणदाराने नव्हती घातली.

त्याच दुपारी तिसरा माड चढले. त्याच रागात चौथा, पाचवा. सहाव्याला पंचाईत झाली, राग संपला. दिराने ओले काजूगर आणून दिले, मी उसळ करून त्याला वाढली. अशाने राग टिकतो होय? हौस दोन माड पुरली, राग तीन माड. उरलेल्या सहांसाठी माझ्याकडे काहीच नव्हतं.

मग सोमवार ठरवून टाकला. भाकऱ्या झाल्या की मुलाची जुनी पँट चढवायची आणि एक माड उरकायचा. इच्छा आहे का, हे स्वतःला विचारायचंच नाही. दर सोमवारी शिव्या घालत चढले: पाडेल्याला, भाषणवाल्याला, माड लावून गेलेल्या सासऱ्यांनाही. अकरावा झाला तोवर पहिल्यावरचे नारळ पुन्हा तयार. मला रडूच आलं.

यंदा वेंगुर्ल्याहून फोन आला, नव्या बायकांना प्रेरणा द्यायला या. गेले. उभी राहिले आणि सांगून टाकलं, की हे काम मला आवडत नाही, आणि येत्या सोमवारी या फेरीतला चौथा माड आहे. साहेबांचा चेहरा उतरला. टाळ्या काही वाजल्या नाहीत.

मागच्या रांगेतली एक बाई उठली. साडीचा काठ बोटांत गुंडाळत तिने विचारलं, “बाय, अर्ध्यार गेल्यार पाय थरथरूक लागले की तुमी काय करतास?”

“थरथरता तोच वर टाकतंय,” मी म्हटलं. “दुसरो पाय खंयसून आणू?”