चौदाव्या घराचा पाया

आमच्या गावच्या बेघर वस्तीत अठरा घरं आहेत. चौदाव्या घराला आजवर तडा नाही. भिंती मी उचलल्या, म्हणून लोक माझं नाव घेतात. पण घर टिकतं ते पायामुळे, आणि तो पाया तानाबाईनं खोदला. त्या घरात ती एक दिवसही राहिली नाही.

आमचं गाव अमडापूरच्या पलीकडे. चौऱ्याहत्तर साली ग्रामसभा भरली. सरपंच किसनरावांनी दोन वाटा सांगितल्या. एक, बेघरांसाठी आलेल्या पैशात कंत्राटदाराकडून सहा पक्की घरं बांधून घ्यायची. दुसरी, ई-क्लासच्या सरकारी पडीत जमिनीवर अठरा जागा पाडायच्या. ज्यानं त्यानं पाया खोदून जोतं वर आणायचं, मग छपराचं लाकूड आणि कवेलू पंचायत देणार. एकतीस मेपर्यंत जोतं आलं नाही तर जागा यादीतल्या पुढच्या नावाला. हात अठरा जागांसाठी वर झाले. माझाही झाला. चाळीस कुटुंबं बेघर असताना सहा घरं कोणाला देणार?

तानाबाई विधवा, एकटी. दिराच्या पडवीत राहायची. दिराच्या मुलाचं लग्न ठरलं होतं आणि पडवी नव्या जोडप्याला हवी होती. चिठ्ठी काढली तेव्हा तिला चौदा नंबर निघाला. मी गवंडी, म्हणून तिनं मला जागा पाहायला नेलं. वरच्या चौदा जागांपैकी तेरा जागांना दीड फुटावर मुरूम होता. तिची आणि खालच्या चार जागा काळ्या मातीत.

"किती खोल जाऊ, सहदेवभाऊ?"

"मुरूम लागेपर्यंत. साडेचार फूट धर."

"बाकीचे तं दीडच म्हणून राह्यले."

"त्यायचं त्यायले माहीत. काळी माती पावसात फुगते. तुले घर पाह्यजे का आडोसा?"

"घर," ती म्हणाली.

अठरा बाय दहाचं घर. छप्पन्न फूट लांब, दोन फूट रुंद, साडेचार फूट खोल. पाच ब्रास, म्हणजे पाचशे घनफूट माती. वरच्यांच्या तिप्पट. दिवसभर ती दुसऱ्याच्या शेतात काडीकचरा वेचायची आणि पहाटे व संध्याकाळी इथं. मे महिन्यातली वाळलेली काळी माती लोखंडी सब्बल परत फेकते. तळहात फुटले तेव्हा तिनं लुगड्याचं फडकं गुंडाळलं आणि खोदत राहिली.

शेजारच्या जागेवर दयाराम होता, तीही काळ्या मातीतली. त्यानं दीड फुटावरच दगड भरले होते.

"काय वं तानाबाई, पाया खोदून राह्यली का विहीर?"

"विहीर. पाणी लागलं तं पहिला गडू तुले."

"दे. मी माह्या घरात बसून पिईन."

काळ्या मातीतल्या बाकी चौघांनाही मी खोली सांगितली होती. कोणी ऐकलं नाही. मी त्या महिन्यात सात जणांची जोती रोजावर बांधत होतो. एक दिवस तिच्याकडे दिला असता तर काही भागलं नसतं. चार दिवसांनी भागलं असतं. मी एकही दिला नाही.

एकतीस मेला ओव्हरसियर जोती तपासायला आला. तिच्या तीन बाजू मुरमाला लागल्या होत्या, चौथीचा एक कोपरा राहिला होता. दगड पडलाच नव्हता.

"जोतं कुठं आहे?"

मी म्हणालो, "साहेब, आत उतरून पाहा. एकट्या बाईचं काम आहे."

"कागदावर जोत्याचा रकाना आहे. खोलीचा नाही."

मी किसनरावांकडे पाहिलं. "पंधरा दिवस द्या तिले."

"एकीले देल्ले की सारेच मागतीन, सहदेव," ते म्हणाले. ते खोटं नव्हतं. आणि तिच्या नावावर रेघ मारली गेली.

पुढचं नाव पुंजाजीचं. तोही बेघरच. दोन तरणी पोरं त्याच्या हाताशी. दुसऱ्या दिवशी सकाळी ते दगड घेऊन आले. मीही गेलो, कारण जोतं बांधायचं काम मला मिळालं होतं.

तानाबाई सब्बल न्यायला आली. पडवी तिनं रिकामी केली होती, गाठोडं डोक्यावर होतं. देऊळघाटला बहिणीकडे निघाली होती. खड्ड्याच्या काठावर थांबून तिनं चौथ्या बाजूकडे बोट केलं.

"त्या कोपऱ्यात अजून हातभर माती हाये. काढल्याबिगर दगड नोका टाकू."

पुंजाजीनं मान खाली घातली. "काढतो, बाई."

तिनं सब्बल त्याच्या थोरल्या पोराच्या हाती दिली. तो खाली उतरला. मुरूम लागेपर्यंत ती उन्हात उभी राहिली. मग सब्बल मागून घेतली, पुसली आणि रस्त्याला लागली.

मी दगड लावायला घेतले.