जायफळाच्या डब्यातलं पत्र

टोरांटोतल्या, दिवस राहिलेल्या नातीला पाठवायच्या लाडवांसाठी काल जायफळ किसलं, आणि त्या वासाने मला थेट मुलुंडला माहेरच्या स्वयंपाकघरात नेलं.

स्वातंत्र्याला आठ-नऊ वर्षं झाली असतील. माझं डोहाळजेवण होतं. हिरवं लुगडं, फुलांचे दागिने. हे नैरोबीला नोकरीवर गेले होते. घर मिळालं की बोलावतो म्हणाले होते, म्हणून मी रोज पोस्टमनची वाट बघायची. गडबडीत आईने विसरून माझ्याकडेच जायफळ मागितलं म्हणून डबा उघडला, तर तळाशी ह्यांचं निळं पत्र. फोडलेलं, दोन महिन्यांपूर्वीचं. ‘घर मिळालं. पुढच्या बोटीने ये, नंतर डॉक्टर प्रवास करू देणार नाहीत.’

“आई, हे काय गं?”

“पहिलं बाळंतपण माहेरीच होतं. तिकडे कोण आहे तुझं?” माझी वेणी सारखी करत ती म्हणाली.

“हे आहेत ना.”

तिने मला बाहेर नेऊन पाटावर बसवलं. झाकलेल्या दोन वाट्यांतली मी एक उघडली, पेढा निघाला. “मुलगाच,” बायका म्हणाल्या. आईने तो भरवला, मी खाल्ला.

नात इतकी लांब असताना आईची भीती आता मलाही कळते. तो घास मात्र अजून खाली उतरलेला नाही.