एकशे दोन पॉइंट चार

खरं सांगू का, ही गोष्ट मी बायकोच्या माहेरी अजून कुणाला कळू दिलेली नाही. तुम्ही आपले चहा घेताय, मंडळी घरातलीच आहेत, म्हणून सांगतो. पण हसायचं तर मला हसा हं, माझ्या लेकीला नको. तिची बिचारीची यात काडीचीही चूक नाही!

लेक म्हणजे ओवी. दोन वर्षांची. आम्ही मूळचे सांगलीचे, पण नोकरीपायी लखनौला, विकास नगरात तिसऱ्या मजल्यावर राहतो. मे महिन्याचे दिवस. आणि ओवीला ताप आला.

साधासुधा नाही हो! दोन दिवस हटूनच बसला. औषध दिलं की जरा उतरायचा आणि चार-पाच तासांत पुन्हा हजर. एरवी घर डोक्यावर घेणारी पोरगी माझ्या खांद्यावर मान टाकून नुसती पडून राहायची.

"ओवी, खाली भूभू आलाय बघ!"

"नहीं."

"आमरस देऊ?"

"नहीं चाहिए."

आम्ही मराठीत विचारायचं आणि तिनं हिंदीत नाकारायचं, हा आमच्या घरचा रिवाजच आहे. पण आमरसाला नाही? हे मात्र कधी घडलं नव्हतं!

डॉक्टरांना दाखवलं होतं. ते शांतपणे म्हणाले होते, "वायरल है. दवा छह-छह घंटे पर, पानी पिलाते रहिए. तीसरे दिन भी न उतरे तो ले आइए, जाँच करा लेंगे." बास! तो 'जाँच' शब्द माझ्या डोक्यात जाऊन बसला. जेवताना जाँच, आंघोळ करताना जाँच.

ते दोन दिवस ताप मोजायचं काम रेवतीकडे, म्हणजे माझ्या बायकोकडे होतं. ती शाळेत शिकवते. तिसऱ्या दिवशी निकालाचं काम असल्यामुळे तिला जाणं भागच होतं. मग मी रजा घेतली. निघण्याआधी तिनं ताप मोजला. एकशे दोन पॉइंट चार. औषध पाजलं आणि मला बजावलं, "पुढचा डोस बारानंतर. तोवर तासातासाला ताप बघ. जमेल ना?"

"जमेल ना काय? अगं, थर्मामीटर लावायचाय, रॉकेट सोडायचं नाहीये!"

काय बोललो मी! जीभ का नाही झडली तेव्हा!

आठ वाजता थर्मामीटर ओवीच्या काखेत धरला. लहानपणी आई पाऱ्याचा लावायची ना, अगदी तस्सा. मनातल्या मनात दोनशेपर्यंत आकडे मोजले, बाहेर काढला, बटण दाबलं. एकशे दोन पॉइंट चार! लगेच बटण दाबून बंद केला. उगाच सेल कशाला जाळायचा?

नऊ वाजता पुन्हा. एकशे दोन पॉइंट चार.

दहा वाजता? एकशे दोन पॉइंट चार!

आता मला सांगा, औषध देऊन चार तास झाले आणि ताप इंचभर हलायला तयार नाही! रेवतीला मेसेज टाकला, 'ताप ढिम्म आहे.' आणि गंमत बघा, तेवढ्यात ओवी माझ्या खांद्यावरून घसरून खाली उतरली. माझ्या चपला पायात घालून घरभर फटक फटक हिंडायला लागली. दोन बिस्किटं मागून खाल्ली. गाणंबिणं म्हणायला लागली.

मला आनंद झाला? छे! मला वाटलं, ताप मेंदूत चढला!

सांगलीला आईला फोन लावला. "आई, ओवी वेड्यासारखी नाचतेय गं! आणि अंगाला दरदरून घाम फुटलाय!"

"घाम फुटला? अरे मग ताप उतरला की बाबा!"

"उतरला कसा? थर्मामीटर एकशे दोन दाखवतोय!"

"ते मरू दे. कपाळाला हात लावून बघ."

"आई, हातानं ताप मोजायचे दिवस गेले आता!"

आणि ठेवला की फोन! आईचं ऐकलं असतं तर पुढचं सगळं रामायण टळलं असतं. पण आम्ही शिकलेले ना!

समोरच्या दारातून शुक्ला आंटींनी माझा आरडाओरडा ऐकला. बाराबंकीकडच्या आहेत, फार मायाळू बाई. धावत आल्या. मी म्हटलं, "आंटी, बच्ची को सुबह से बहुत घाम आ रहा है!"

"हाय राम! घाम में ले कौन गया बच्ची को?"

"ले कोई नहीं गया. घाम तो अपने आप आया. पूरे बदन पर."

"पूरे बदन पर? और आप बैठे देखते रहे?"

"नहीं नहीं, मैंने पोंछा ना! तौलिए से!"

"घाम पोंछा?" आंटी माझ्याकडे बघतच राहिल्या. "तौलिए से?"

आता त्यांच्याकडे घाम म्हणजे ऊन, हे मला चार वर्षांत कुणी सांगितलं असेल तर शपथ! त्यांनी एवढंच ओळखलं की पोरीला लू लागली, म्हणजे ऊन बाधलं, आणि बापाच्याही डोक्यावर परिणाम झाला. तडक घरी जाऊन भाजलेल्या कैरीचा गर घेऊन आल्या आणि ओवीच्या तळपायांना चोळायला बसल्या. ओवीला गुदगुल्या होऊन ती खदाखदा हसायला लागली.

"बहकी-बहकी हँस रही है!" आंटी घाबरल्या.

"वही तो!" मी ओरडलो. "जाँच करानी पड़ेगी!"

अकराला शेवटचा प्रयत्न केला. एकशे दोन पॉइंट चार! मग मी थांबतोय कशाला? रेवतीला फोन केला, "सरळ दवाखान्यात ये." पिशवीत थर्मामीटर, ओवीचे सहा फ्रॉक, चादर, दुधाची बाटली आणि का कोण जाणे, पोळपाट-लाटणं कोंबलं. दवाखान्यात भरती केलं तर? आंटींना घेतलं, ई-रिक्शात बसलो. "भैया, जल्दी! बच्ची बहुत सीरियस है!" भैयानं वळून पाहिलं. सीरियस बच्ची त्याला टाटा करत होती.

रेवती आमच्याआधीच पोचली होती, चेहरा पांढराफटक.

डॉक्टरांनी ओवीला तपासलं. घसा बघितला, छाती ऐकली, स्वतःचा थर्मामीटर लावला.

"अट्ठानवे. बच्ची तो बिल्कुल ठीक है."

"कैसे ठीक है?" मी उसळलो. "सुबह से एक सौ दो पॉइंट चार है! एक पॉइंट भी कम नहीं हुआ!"

"लू लगी है, डॉक्टर साहब," आंटी म्हणाल्या. "इन्होंने खुद बताया, सुबह से घाम में थी."

रेवतीच्या डोक्यात चटकन उजेड पडला. "आंटी, मराठी में घाम माने पसीना!"

"पसीना?" आंटी कपाळावर हात मारून म्हणाल्या, "अरे, पसीना आया तो बुखार उतर गया ना!"

डॉक्टरांनी माझ्यापुढे हात केला. "आपका थर्मामीटर दिखाइए. कैसे नापते हैं? बच्ची को रहने दीजिए, इस मेज़ पर नापकर दिखाइए."

मी टेबलावर थर्मामीटर ठेवला. दोनशेपर्यंत मोजलं. हो, मनातल्या मनात, पूर्ण दोनशे! मग उचलून बटण दाबलं.

एकशे दोन पॉइंट चार.

"अच्छा," डॉक्टर गंभीरपणे म्हणाले. "तो मेज़ को भर्ती कर लें?"

त्याचं असं होतं म्हणे, की बटण दाबल्यावर आधी तो मागच्या वेळचा आकडा दाखवतो. म्हणजे आधी बटण, मग काख, मग बीप वाजेपर्यंत थांबायचं! आणि मी सकाळपासून रेवतीनं मोजलेलाच ताप पुन्हा पुन्हा वाचत होतो.

"वैसे आप काम क्या करते हैं?" डॉक्टरांनी सहज विचारलं.

आता काय लपवणार? खाली मान घालून सांगितलं, "जी, एक संस्थान में हूँ. मशीनें सही नाप रही हैं या नहीं, वही जाँचता हूँ."

आंटींना माझी दया आली. "पढ़े-लिखे हैं बेचारे," त्या डॉक्टरांना समजावत म्हणाल्या.

आणि रेवती? ओवीला घट्ट पोटाशी धरून रडली, मग माझ्याकडे बघून हसली, मग पुन्हा रडली. मीही डोळे पुसले. पसीना होता, दुसरं काही नाही.

डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून दिली. मी न वाचताच बाहेरच्या औषधाच्या दुकानात गेलो आणि गर्दीत हात घालून पुढे केली. दुकानदारानं चष्मा सारखा करून खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली.

"बच्ची के लिए: खाना, पानी, खेलना. और पिता के लिए: थर्मामीटर से परहेज़, सात दिन." त्यानं अदबीनं माझ्याकडे पाहिलं. "हुज़ूर, दवा तो इसमें कोई लिखी ही नहीं है."

सगळं दुकान माझ्याकडे बघायला लागलं. तेवढ्यात मागून रेवतीचा आवाज आला,

"भैया, वो सात दिन काटकर ज़रा सत्तर साल कर दीजिए."