एक झोपेल, एक सामान बघेल

शारजाच्या विमानतळावर हनीफभाईने बावीस जणांना एका खांबापाशी गोळा केलं, तेव्हा रात्रीचे दहा वाजले होते. हैदराबादहून आलेलं विमान रिकामं झालं होतं आणि जेद्द्याचं विमान दुसऱ्या दिवशी अकरा वाजता होतं. तेरा तास तिथंच काढायचे होते. हनीफभाई लातूरहून वर्षातून तीनदा मक्केला उमऱ्याच्या यात्रेची माणसं घेऊन जायचा, म्हणून त्याला सगळं पाठ होतं.

"मोठ्या बॅगा आता सीध्या जेद्द्यातच मिळतील, त्यांची फिकीर करू नका," तो म्हणाला. "हातातलं सामान मात्र आपलं आपण बघायचं. पासपोर्ट गळ्यात, कपड्याच्या आत. बायांच्या नमाजाच्या खोलीत गालिचा हाय, तिथं पाठ टेकता येईल. पण दोघी-दोघींनी राहा. एक झोपेल, एक सामान बघेल. तीन तासांनी पाळी बदला."

मग त्याने यादी काढून जोड्या लावल्या. आडनाव एक आणि पत्ता एक दिसला, की तो एकत्र बसवायचा. "शेख सुलतानबी, शेख आबेदा. तुम्ही तर एकाच घरच्या जावा. बरं झालं."

दोघींनी आपापल्या पिशव्या उचलल्या. त्या एकाच घरच्या होत्या हे खरं, पण सात वर्षांत एकमेकींशी अवाक्षर बोलल्या नव्हत्या, हे हनीफभाईला कुठून माहीत असणार?

सुलतानबीचा नवरा मकसूद जिल्दसाज होता, वह्या-रजिस्टरं बांधायचा. ब्याऐंशी साली उस्मानाबादपासून तुटून लातूर वेगळा जिल्हा झाला आणि मकसूदचं नशीब उघडलं. नवी कचेरी आली, कचेरीमागे शंभर खाती आली आणि प्रत्येक खात्याला रजिस्टरं लागली. एकट्याने काम उरकेना, म्हणून त्याने उदगीरहून धाकट्या भावाला बोलावून घेतलं. तीन वर्षांनी भावाची बायको म्हणून आबेदा या घरात आली. ती आली तेव्हा तिला सुईत धागा ओवण्यापलीकडे काही येत नव्हतं. सुलतानबीने तिला कागदाच्या घड्या शिवायला शिकवलं. मग वीस-पंचवीस वर्षं दोघी अंगणात समोरासमोर बसून शिवत राहिल्या. बोटांना घट्टे पडले. एकीचं पोर रडलं तर जिचे हात मोकळे असतील ती उचलायची. पुढे कचेऱ्यांत कॉम्प्युटर आले, काम आटलं, पण अंगण एकच राहिलं.

ते तुटलं दोन हजार सोळाच्या उन्हाळ्यात. त्या वर्षी लातुरात नळ कोरडे पडले होते. टँकर आठ-आठ दिवसांनी यायचा आणि घरटी मोजून पाणी द्यायचा. दोघींची पिंपं अंगणात शेजारी-शेजारी होती. सुलतानबीच्या ध्यानात आलं, की आपल्या पिंपातलं पाणी सकाळी एक बोट उतरलेलं असतं. तिने पिंपाच्या आतून खडूने खूण करून पाहिली. दोन दिवसांनी पुन्हा उतरलं. तिसऱ्या दिवशी, गल्लीतल्या बाया टँकरच्या रांगेत उभ्या असताना, तिने सगळ्यांच्या देखत आबेदाला विचारलं, "चोरीच्या पाण्याने वझूचे हातपाय धुतीस, ते कबूल होतं का गं?"

आबेदाने तिच्याकडे नुसतं पाहिलं. त्याच संध्याकाळी सुलतानबीने पिंपाला कुलूप घातलं, आणि महिन्याभरात अंगणाच्या मधोमध पत्रा उभा राहिला. पुढच्या वर्षी दीर गेला, त्याच्या पुढच्या वर्षी मकसूद. दोन्ही मयतींना त्या आल्या-गेल्या त्या परक्यासारख्या, दारापर्यंत. आबेदाच्या मुलीचं लग्न झालं तेव्हा सुलतानबी पत्र्याच्या अलीकडे बसून बिर्याणीचा वास घेत होती.

उमऱ्याला दोघींनी वेगवेगळं नाव नोंदवलं होतं. एकाच तुकडीत आहोत हे हैदराबादला आपापल्या बसमधून उतरल्यावर कळलं.

नमाजाच्या खोलीत कोपऱ्यात जागा मिळाली. आबेदाने बोटाने खूण केली, आधी तुम्ही झोपा. सुलतानबी आडवी झाली. तिने पिशवीचा पट्टा मनगटाला दोनदा गुंडाळला, चपला पिशवीत घातल्या आणि पिशवी पोटाशी धरली. वरून गार वारा सुटला होता. शाल मोठ्या बॅगेत गेलेली. डोळे मिटावेत आणि लगेच उघडून पट्टा चाचपावा, असं तासभर चाललं.

"झोपा, भाबी," आबेदा म्हणाली. "तुमच्या सामानाला हात न्हाई लावायची मी."

सात वर्षांनी ऐकलेला तो पहिला शब्द. सुलतानबीला तो छातीत लागला. तिने भिंतीकडे तोंड केलं आणि झोपेचं सोंग घेतलं. सोंग घेता घेता खरोखरच डोळा लागला.

जाग आली ती पहाटेच्या, फजरच्या अजानने. अंगावर आबेदाची शाल होती. पिशवीचा पट्टा मनगटावरून सुटून आबेदाच्या मांडीखाली गेला होता. आबेदा भिंतीला टेकून तशीच बसलेली, डोळे लाल, पाय सुजून पावाएवढे झालेले.

"मला उठवलं का न्हाईस?"

"तुम्ही लई दमल्या होत्या."

दोघींनी नमाज पढली. मग सुलतानबीने डबा उघडला. ज्वारीच्या भाकरी कडक झाल्या होत्या, शेंगदाण्याची चटणी तेवढी चांगली होती. तिने भाकरी मोडून अर्धी आबेदापुढे धरली. जिथं जायला एवढ्या लांब निघाली, तिथं मनात हे ठेवून जावं तरी कसं, असं तिला वाटलं.

"आबेदा, खरं सांग. मी रागावणार न्हाई. ते पाणी तूच नेत होतीस ना?"

आबेदाने भाकरी हातातच ठेवली. "भाईजान नेत होते," ती म्हणाली.

"कोण?"

"तुमचे मालक. एका शाळेची रजिस्टरं बांधायला आली होती, आठवतंय? लई दिवसांनी काम आलं होतं. खळ शिजवायला पाणी पाहिजे. तुमच्याकडं मागितलं तर तुम्ही म्हणाल्या, प्यायला न्हाई अन् कागदाला कुठून देऊ. मग ते पहाटे उठून तांब्याभर काढायचे. मी एकदा बघितलं. मला म्हणाले, सुलतानला सांगू नको, मला लाज वाटती."

"मग मी रांगेत बोलले तेव्हा?"

"तेव्हा सांगितलं असतं तर गल्लीत त्यांची अब्रू गेली असती. त्यांनी मला ह्या घरात लेकीसारखं वागवलं होतं, भाबी."

"ते गेल्यावर तरी सांगायचं."

"मयताचं नाव घेऊन?" आबेदा म्हणाली. "अन् तुम्ही विचारलं कुठं?"

सुलतानबी रडली. आवाज न करता, ओढणीत तोंड घालून, बराच वेळ. मकसूदला लाज वाटली, बायकोकडे पुन्हा तांब्याभर पाणी मागायची. आणि त्याची लाज या बाईने सात वर्षं आपल्या अंगावर घेतली. आबेदाने तिच्या पाठीवर हात ठेवला तेव्हा तिला आणखीच रडू आलं.

"घरी गेलो की तो पत्रा काढते," ती म्हणाली. "पहिलं काम ते."

आबेदाचा हात थांबला. "भाबी, माझा हिस्सा मी विकला. इसाराचे पैसे घेतलेत. नांदेडला लेकीकडं चालले, विष्णुपुरीला. जावई तिथंच हाय."

"अगं, का?"

"एकटीने बोलायचं कुणाशी? दिवस दिवस तोंड उघडत नव्हतं. आवाज गेला का काय, म्हणून भिंतीशी बोलून बघायचे."

मग हनीफभाईची हाक आली, सामान घेऊन रांगेत उभं राहायची. पुढचे पंधरा दिवस दोघी एका ताटात जेवल्या. काबाभोवती तवाफाच्या फेऱ्या घालताना सुलतानबीने आबेदाचा हात सोडला नाही, आणि मागायचं ते सगळं मागितलं.

लातूरला परत आल्यावर सुलतानबी घर घेणाऱ्याकडे स्वतः गेली, सौदा मोडा म्हणायला. कापडाचा व्यापारी, माणूस सभ्य होता. म्हणाला, "अम्मा, मी माझं जुनं घर सोडलंय हो. पोरांना घेऊन आता कुठं जाऊ?" त्याच्यावर रागावता येण्यासारखं काही नव्हतं.

टेम्पो आला त्या दिवशी सुलतानबीने पत्र्याचे खिळे स्वतः उपटले. आबेदाचं कपाट, पलंग आणि रजिस्टरं शिवायची लाकडी चौकट सुलतानबीच्या अंगणातून बाहेर गेली. आबेदा ड्रायव्हरशेजारी बसली.

"पोचलीस की फोन कर," सुलतानबी म्हणाली.

"तुम्हीच करा, भाबी. मला नंबर लावता येत न्हाई."

ती करते, रोज दुपार कलल्यावर, असरच्या नमाजानंतर. आबेदाला आता कमी ऐकू येतं, प्रत्येक गोष्ट दोनदा सांगावी लागते. जेवलीस का, पाय कसा हाय, नातू शाळेत जातो का. पाच मिनिटांत बोलणं संपतं. सात वर्षांचं सांगायचं असतं, पण फोन हातात घेतला की त्यातलं काही आठवत नाही.