घोडके सरांचा परतीचा करार

श्रीमार्तंडभैरवाच्या चरणी मस्तक ठेवून आणि वाग्देवीचे स्मरण करून हे चार शब्द लिहावयास बसलो आहे. निमित्त असे की, येत्या सोमवारी प्रा. मल्हारी घोडके पुण्याहून परत येणार आहेत. येणारच आहेत, तसे करारात लिहिले आहे आणि त्या करारावर साक्षीदार म्हणून माझी सही आहे. ज्यांनी हा गृहस्थ पाहिला नाही, त्यांना तो कोण हे सांगणे माझेच कर्तव्य ठरते.

लोहाऱ्याच्या महाविद्यालयात मी संस्कृत शिकवीत असे, घोडके मराठी. मी कायम होतो, ते तासिका तत्त्वावर. दर जूनला त्यांची नेमणूक होई आणि दर एप्रिलला ती संपे. भाषा घेऊन बी.ए. होणाऱ्या मुलांना पुढच्या आयुष्यासाठी तयार करावे, असा आदेश एके वर्षी वरून आला आणि ते काम स्वाभाविकपणे अशा माणसाकडे गेले, ज्याचे स्वतःचेच पुढील वर्ष अनिश्चित होते. मार्गदर्शन कक्षासाठी मिळालेल्या खोलीत मोडकी बाके रचलेली होती. म्हणून घोडक्यांनी मुलाखतींचा सराव उमरग्याला माणसे भरून जाणाऱ्या वडाप जीपमध्ये सुरू केला.

"खोलीत पोरं माझ्याशी बोलतात, सर," ते मला म्हणाले, "जीपमध्ये जगाशी बोलावं लागतं. आणि जगाला उठून जाता येत नाही."

उमेदवाराने मागच्या आडव्या बाकावर, गुडघ्याला गुडघे लागतील असे बसावयाचे आणि पुढचा फाटा येण्यापूर्वी समोरच्या अनोळखी माणसाला स्वतःविषयी सांगावयाचे, असा नियम होता. पहिल्याच दिवशी समोर वालाबाई नावाच्या वृद्धा वांग्यांची पाटी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मुलगा म्हणाला, "मी मराठी विषयात बी.ए. केलं आहे."

"मराठी?" वालाबाई म्हणाल्या, "ती तर मला बी येती. मग तुला येगळं काय शिकिवलं रं?"

मुलगा उमरगा येईपर्यंत पाटीतली वांगी मोजत राहिला. घोडक्यांना मात्र परमानंद झाला. "हा शेवटच्या फेरीचा प्रश्न आहे," त्यांनी जीपमध्येच जाहीर केले. "याचं उत्तर सापडेपर्यंत कुणाला पदवी घेऊ देणार नाही." तेव्हापासून वालाबाई दर गुरुवारी निवड समितीच्या अध्यक्षा झाल्या. मुले विद्यापीठाच्या परीक्षेला जाण्यापूर्वी माझ्या नव्हे, त्यांच्या पाया पडत.

त्यांच्या प्रश्नाला पहिले उत्तर दिले ते सुरेखाने. ही घोडक्यांच्याच गावची, अणदूरच्या नागनाथ मोकाशे यांची धाकटी लेक. ती म्हणाली, "मावशी, तहसीलचा कागद तुम्हाला समजतो का?"

"न्हाय बा."

"मला समजतो. आणि तुम्हाला समजंल असा सांगता येतो."

वालाबाईंनी पाटीतून एक वांगे निवडून तिच्या ओंजळीत ठेवले. "झाली पास," त्या म्हणाल्या.

पुढे पुण्यातील एका संस्थेने तिची फोनवरून मुलाखत घेतली. शेतकऱ्यांना हवामान आणि पिकांचा सल्ला सोप्या मराठीत लिहून ऐकविण्याचे ते काम होते. जीपच्या सवयीने सुरेखाने आपले नाव, शिक्षण आणि घरची जमीन एका दमात सांगून टाकली आणि मुलाखत घेणाऱ्या बाईंना उलट विचारले, "तुमच्याकडं यंदा पाऊसपाणी कसं हाय?" नोकरी तिथेच मिळाली.

आता नागनाथरावांची संमती हवी होती. त्यांचा थोरला मुलगा पुण्याला गेला तो चार वर्षांत घराकडे फिरकला नव्हता. घोडके मला घेऊन त्यांच्या ओसरीवर गेले.

"मल्हारी, तू मास्तर झालास, चांगलं झालं," नागनाथराव म्हणाले. "पर माझं दुसरं लेकरू धाडू नगंस. पोरगी हुशार हाय, ठावं हाय मला. परत यील ह्याची हमी कोण देतंय?"

घोडक्यांनी देवळाच्या दिशेने पाहिले. मग म्हणाले, "दादा, आपला खंडोबा दरसाली नळदुर्गाला जातो. तवा हमी कुणाची घेता?"

"त्येचा करार असतो की."

"मग हिचाबी करू."

बाहेरच्या वाचकांस सांगितले पाहिजे की, अणदूर आणि नळदुर्ग या दोन गावांत देवाची मूर्ती एकच आहे. देव वर्षातील काही काळ इथे, काही काळ तिथे राहतो आणि त्याला नेण्याच्या व परत आणण्याच्या तिथीचा लेखी करार दोन्ही गावांचे मानकरी करतात. त्या पवित्र रीतीची नक्कल नोकरीसाठी करावी, हे मला मुळीच रुचले नाही. मी तसे स्पष्ट बोललो.

"सर," घोडके हात जोडून म्हणाले, "जिथं देवाला कागद लागतो, तिथं लेकीला कसा नको? तुम्ही फक्त वर मंगलाचरण लिहून द्या."

मी दोन दिवस विचार केला आणि मंगलाचरण लिहिले. खालचा मजकूर घोडक्यांचा होता. 'संस्थेने कु. सुरेखा हिला सन्मानाने न्यावे, दोन वेळ नैवेद्य अर्पावा' (इथे मी 'नैवेद्य' खोडून 'भोजन' केले) 'आणि पौष पौर्णिमेनंतरच्या सोमवारी वाजतगाजत अणदूर ग्रामस्थांच्या स्वाधीन करावे.'

कागद पुण्यास पोहोचताच त्या बाईंचा फोन आला. घोडक्यांनी तो मला ऐकू येईल असा धरला.

"सर, हा बॉन्ड आहे का?"

"नाही हो बाई. बॉन्डमध्ये माणूस अडकवतात, ह्यात परत करतात."

"आणि 'वाजतगाजत' म्हणजे?"

"किमान एक हलगी. तिचं आम्ही इकडं बघू. तुम्ही एसटीत बसवून द्या."

"इथे मानकऱ्यांची सही हवी असं लिहिलंय. आमच्याकडे मानकरी कोण?"

"तुमच्या दारावर कोण असतं?"

"सिक्युरिटी गार्ड."

"त्यांची चालंल."

गार्डची सही आणि शिक्का घेऊन कागद परत आला. नागनाथरावांनी तो उभ्याने वाचला. मंगलाचरणावर त्यांची नजर ठरली नाही, हे नमूद करतो. त्यांनी बोट ठेवून तिथी शोधली, दोनदा वाचली आणि कागद देव्हाऱ्यात ठेवला. "जाऊ द्या तिला," ते म्हणाले.

ठरल्या सोमवारी ते सकाळपासून अणदूरच्या फाट्यावर हलगीवाला घेऊन उभे होते. ती कोणत्या गाडीने येणार हे ठाऊक नसल्याने प्रत्येक एसटीला हलगी वाजे. बियाणे विकणारा एक प्रतिनिधी उतरला, त्याच्या गळ्यात हार पडला आणि तो गोंधळून सर्वांना नमस्कार करीत राहिला. चौथ्या गाडीतून सुरेखा उतरली. नागनाथराव तिच्यावर खेकसले, "उशीर केलास!" आणि लगेच तोंड फिरवून फेट्याच्या शेमल्याने डोळे पुसू लागले.

त्यानंतर भाषा विभागाच्या दारात मुलींचे वडील कागद घेऊन बसू लागले. मी मंगलाचरणे लिहिली. किती, ते मोजले नाही.

गेल्या जूनला घोडक्यांचे नेमणूकपत्र आले नाही. विद्यार्थी कमी, म्हणून तास नाहीत. तरीही ते रोज येऊन लिंबाखाली बसत. एकदा म्हणाले, "सर, इतक्या कागदांवर परतीची तिथी लिहिली. माझ्या कागदावर कुणी लिहिलीच नव्हती." आयुष्यभर मुखोद्गत केलेल्या स्तोत्रांपैकी एकही मला त्या वेळी आठवले नाही.

पण ही वार्ता पुण्यास गेली. नव्या माणसांना साधे बोलणे शिकविण्यास गुरू हवा होता, आणि दरसाल ठरल्या सोमवारी येऊन पुन्हा पुण्यास जाणारी सुरेखा आता तिथल्या भाषा विभागाची प्रमुख होती. ती आली आणि तिने सरांना मुलाखतीसाठी थेट उमरग्याच्या जीपमध्ये बसविले. मीही दाटीने बसलो. समोर वालाबाई होत्या.

"मास्तर," त्यांनी विचारले, "तुमास्नी काय येतं?"

दोन फाटे गेले तरी घोडके आपली पिशवीच सावरीत राहिले. तिसऱ्याला म्हणाले, "मावशी, मला पोरं पाठवायला येतं."

"आन परत आणायला?"

"ते कागदावर येतं."

वालाबाईंनी पाटीतले वांगे निवडले.

घोडक्यांना स्वाधीन कोण करणार, हा प्रश्न उरला. महाविद्यालय म्हणाले, इसम आमच्या पटावर नाही, सबब हरकत नाही. तेव्हा गावाच्या वतीने नागनाथरावांनी सही केली. कराराचा मजकूर सुरेखाने लिहिला, तिथी तीच ठेवली. घोडक्यांनी तो हाती घेतला आणि त्यांचे बोटही आधी तिथीवरच गेले.

तो सोमवार आता जवळ आला आहे. मी आणि नागनाथराव सकाळीच फाट्यावर जाऊ. हलगीवाल्यास सांगून ठेवले आहे, प्रत्येक गाडीला वाजव. जो कोणी उतरेल, त्याला वाटू दे की आपली वाट कुणी तरी पाहत होते.

वाचकहो, आपल्या घरातून जे कोणी दूर गेले असेल, त्याच्या परतीची तिथी श्रीमार्तंड आपल्या पंचांगात ठळक करो. त्या दिवशी आपल्या दारी किमान एक हलगी वाजो, आणि चुलीवर एका पानाचे जास्तीचे शिजो.