वाळत घातलेलं गाणं

ड्रायव्हरसाहेब धुण्याची बादली घेऊन गच्चीवर निघाले, की समोरच्या इमारतीतल्या बायका हातातलं काम ठेवून खिडकीशी यायच्या. फुकटची करमणूक कोण सोडतंय? त्यांच्या पत्नी, म्हणजे बाई, रक्ततपासणीच्या लॅबमध्ये कामाला, भल्या सकाळी घराबाहेर पडायच्या. साहेबांची बस दुपारनंतरची. त्यामुळे संसार मांडल्यापासून धुणं वाळत घालणं साहेबांच्या वाटणीला आलं, आणि त्यांनी ते अगदी मनावर घेतलं.

त्यांच्या लेखी दोरीवर कपडे नसायचेच, प्रवासी असायचे. चादरी पहिल्या, जिन्याच्या दाराजवळ; जड आणि थकलेली मंडळी, त्यांना मागचे गचके सोसत नाहीत. त्यानंतर पँटी. मग शर्ट, तेही खाली डोकं वर पाय, म्हणजे खांद्यांना चिमट्याची शिंगं फुटत नाहीत. सगळ्यात शेवटी रुमाल आणि मोजे, दारात लोंबकळणाऱ्या कॉलेजच्या पोरांसारखे. आणि मधल्या खांबालगतची, भरपूर वाऱ्याची जागा लेकीच्या कपड्यांची. ती खिडकीची जागा. तिथे दुसऱ्या कुणाला बसायची परवानगी नव्हती.

लेकीला दुसऱ्या गावी पहिली नोकरी लागली आणि ती गेली. साहेबांनी स्वतः जाऊन तिला बसमध्ये बसवलं, त्या बसच्या ड्रायव्हरला "ब्रेक जरा हळू मार हं" असं बजावलं, आणि घरी येऊन नेहमीसारखं धुणं वाळत घातलं. खांबालगतची जागा तेवढी मोकळी ठेवली.

"अहो, सरकवा की जरा," एकदा सुट्टीच्या दिवशी गच्चीवर आलेल्या बाई म्हणाल्या. "चादरी एकमेकींच्या अंगावर बसल्यात, आणि मध्ये हे एवढं मैदान!"

"बघू," साहेब म्हणाले, आणि बघितलं नाही.

खरी अडचण त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. लेक कशी आहे हेच त्यांना कळत नव्हतं. बाईंचं आणि लेकीचं फोनवर तासन्‌तास चालायचं, हसणं काय, खुसफुस काय. मग फोन साहेबांच्या हातात यायचा. "जेवलीस?" "हो." "बरं." की फोन परत बाईंकडे. बसमध्ये तोंड मिटून गाडी हाकण्यात ज्याची हयात गेली, त्याला फोनवर बोलायला काहीतरी विषय लागतो, आणि विषय काही सुचायचा नाही. घरात असताना दोघं चादरीची दोन टोकं धरून ती पिळायची, तेव्हा बोलावं लागायचंच नाही.

अशात एका सकाळी दारावर थाप पडली. दारात कॉलेजची तीन मुलं. समोरच्या इमारतीत गच्चीवरच्या खोलीत भाड्याने राहणारे दोघे आणि त्यांची मैत्रीण. पुढे होती ती मुलगी. तिला सगळे 'कट' म्हणायचे, कारण ती डायरेक्टर होती आणि एरवीच्या बोलण्यातही समोरच्याचं वाक्य आवडलं नाही की "कट!" म्हणून मोकळी व्हायची. तिच्यामागे गाणारा मुलगा, भर उन्हात गळ्याला मफलर. नावही तेच, मफलर. तिसरा लोगो. त्याच्याकडे ब्रँडिंग होतं, म्हणजे नाव, पोस्टर, स्टिकर, आणि इतरांशी भांडणं.

"काका, तुमचे कपडे हवे होते," कट म्हणाली.

साहेब बनियनवर होते. त्यांनी स्वतःकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"अंगावरचे नाही हो," मफलर घाईने म्हणाला. "दोरीवरचे."

"आत या," साहेब म्हणाले. "चहा घ्या आणि सुरुवातीपासून सांगा. मधल्या स्टॉपवर चढलं की मला काही समजत नाही."

सुरुवात अशी होती. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी त्यांना एका गाण्याचा व्हिडिओ करायचा होता. गाणं मफलरने लिहिलेलं, घर सोडून निघालेल्या मुलीचं. अर्धं गाणं त्यांनी आपल्या गच्चीवर शूट केलं, एका रविवारी सकाळी. मागे सहज साहेबांची दोरी आली होती, कुणाच्या लक्षातही नव्हतं. मग कॉम्प्युटरवर बघितलं, तर मफलर डोळे मिटून जीव ओतून गातोय, आणि बघणाऱ्याची नजर जाते मागे. वारा आला की चादरी हळू उचलतात, शर्ट हात हलवतात, आणि मधोमध एक पिवळा ड्रेस नेमका तालावर गिरकी घेतो!

"आमचे सर म्हणाले," कट म्हणाली, "गाणाऱ्यापेक्षा मागची मंडळी चांगलं काम करतायत."

"असं ते म्हणाले नाहीत," मफलर म्हणाला.

"कट! असंच म्हणाले."

मग काय, लोगोच्या अंगात आलं. व्हिडिओचं नाव ठरलं 'दोरी'. पोस्टरवर काळी रेघ आणि रेघेवर एकच पिवळा ड्रेस. कॉलेजभर पोस्टरं लागली, पाण्याच्या बाटल्यांवर, हेल्मेटवर, प्राचार्यांच्या स्कूटरवरसुद्धा स्टिकर गेले. बाकी राहिलं होतं फक्त शेवटचं कडवं शूट करणं. आणि ते करायला परत गच्चीवर गेले, तर दोरीच्या मधोमध भगदाड.

"दात पडल्यासारखं दिसतंय, काका," लोगो कळवळून म्हणाला. "आमचा सगळा ब्रँडच गेला ना तिथून!"

"तो ड्रेस माझ्या मुलीचा आहे," साहेब म्हणाले. "तो तिच्याबरोबर गेला."

मफलरने उगाच मफलर नीट केला.

"मागवू," साहेब म्हणाले. आणि म्हणता म्हणता त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. विषय मिळाला होता.

मुलं गेल्यावर त्यांनी हात पुसले, खुर्चीत ताठ बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा आपणहून लेकीला फोन लावला. तिने पहिल्या रिंगलाच उचलला.

"बाबा? काय झालं? आई बरी आहे ना?"

"बरी आहे."

"मग तुम्ही? पडलात का कुठे?"

"अगं, कुणी पडलं नाही. तुझा पिवळा ड्रेस हवाय."

"कुणाला?"

"मला."



"बाबा, आईला फोन द्या बरं जरा."

"आई लॅबमध्ये आहे. अगं, गाण्यात लागतोय." त्यांनी सगळं सांगितलं. चादरी, मफलर, प्राचार्यांची स्कूटर. ती हसली, पण मध्येच थांबली.

"तोच लागेल का? माझा दुसरा आहे ना, जांभळा."

"पोस्टर पिवळं आहे."

"बरं," ती म्हणाली. आवाज जरा बारीक आला. "पाठवते."

साहेबांना वाटलं, आवडीचा आहे, जिवावर आलं असेल.

त्या गावाच्या गाडीवर साहेबांचा जुना दोस्त होता. त्याच्याकडे लेकीने पिशवी दिली, आणि डेपोत उतरल्या उतरल्या त्याने ती सगळ्यांच्या देखत साहेबांच्या हातात ठेवली.

"घ्या, ड्रेस आला तुमचा. मापात बसतो का बघा!"

डेपोभर खसखस पिकली. साहेबांनीही दात काढले आणि पिशवी पोटाशी धरून घरी आणली. बाई, कट, मफलर, लोगो, सगळी वाट बघत बसलेली. पिशवी उघडली.

ड्रेस हिरवा होता.

नुसता हिरवा असता तरी एक वेळ चाललं असतं. बाहीकडे गवतासारखा, पाठीवर पोपटी, आणि खालच्या घेराला एका कोपऱ्यात तेवढा जुना पिवळा शिल्लक, जणू पुरावा म्हणून मागे ठेवलेला.

"हा तो नाहीच," मफलर म्हणाला.

"तोच आहे," बाई शिवण बघून म्हणाल्या. "हे टाके माझे आहेत."

लोगो जमिनीवरच बसला. "संपलं. सगळं कॉलेज पिवळं करून ठेवलंय मी."

"नवा पिवळा आणू," मफलर म्हणाला.

"असाच नाही मिळणार. आणि घेर वेगळा असला तर गिरकी वेगळी घेईल," कट म्हणाली. ती नखं खात होती. "कॉम्प्युटरवर रंग बदलता येईल. पण मग चादरीसुद्धा पिवळ्या पडतील. आणि तू काविळीचा पेशंट दिसशील."

साहेबांना यातलं फार ऐकू येत नव्हतं. ते फोन घेऊन गॅलरीत गेले.

"मिळाला?" लेकीने विचारलं, आणि त्यांनी तोंड उघडायच्या आत रडायलाच लागली. "बाबा, मी जीन्सबरोबर भिजत घातला. नवी जीन्स होती. सकाळी बादलीत बघितलं तर हे असं. आईलासुद्धा नाही सांगितलं मी. कसं सांगणार? सगळ्या गल्लीत तुमचं धुणं बघायला बायका उभ्या राहतात, आणि तुमच्या मुलीला एक ड्रेस धुता येत नाही."

साहेबांनी फोन कानापासून दूर धरला, कारण त्यांना हसू आवरेना. खो-खो हसू, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. आतून बाई धावत आल्या. पलीकडे लेक रडता रडता चिडली.

"हसताय काय बाबा!"

"अगं, तुला शिकवलंच कुणी? तुझ्या हाताला मी बादली लागू दिली का कधी? चूक माझी. ऐक, नवा कपडा असला की त्याचा कोपरा ओला करायचा आणि पांढऱ्या फडक्यावर दाबायचा. रंग उतरला की तो एकटा भिजवायचा. त्याला शेजारी द्यायचा नाही."

"बरं."

"आणि वाळत कुठे घालतेस?"

"खिडकीच्या गजाला. ऊनच येत नाही, बाबा. सगळ्या कपड्यांना वास येतो. ऑफिसात माझ्याजवळ कुणी बसत नाही असं मला वाटतं. म्हणजे, बसतात. एक मुलगी बसते. पण संध्याकाळी खोलीवर आलं की त्या ओल्या कपड्यांत बसायला नको वाटतं, मग मी उगाच बाजारात फिरते." आणि मग बांध फुटल्यासारखी ती बोलतच राहिली. खोलीतल्या दुसऱ्या मुलीचं घोरणं, ऑफिसातल्या बॉसचा तिरसटपणा, पहिल्या आठवड्यात चुकलेली वाट, कोपऱ्यावरच्या दुकानातली गुबगुबीत मांजर. साहेब "हं, हं" करत गॅलरीच्या कठड्याला टेकले. खाली रस्त्यावर त्यांच्याच डेपोची बस गेली, ड्रायव्हरने हॉर्न दिला, त्यांनी हातही केला नाही.

आत आले तेव्हा त्यांचा चेहरा असा काही उजळला होता, की लोगोसुद्धा उठून उभा राहिला.

"हाच लावायचा," साहेब म्हणाले. "माझ्या दोरीवर खोटा ड्रेस चढणार नाही. मुलगी घराबाहेर पडली, नवी जीन्स घेतली, रंग लागला. यात लपवायचं काय?"

कट त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने नखं खाणं थांबवलं. "मफलर, शेवटच्या कडव्यात ती मुलगी कुठे असते?"

"दुसऱ्या गावात."

"मग तिचा ड्रेस तोच कसा राहील, गाढवा? पहिल्या कडव्यात पिवळा, शेवटच्यात हिरवा. हेच तर गाणं आहे!"

"गाणं माझं आहे," मफलर म्हणाला. "हे मीच सांगणार होतो."

लोगो तर कधीच कामाला लागला होता. दुसऱ्या दिवशी कॉलेजात पोस्टरवरच्या प्रत्येक पिवळ्या ड्रेसवर अर्ध्यात हिरव्या रंगाचा फराटा होता. सरांनी विचारलं, तर त्याने पापणीही न हलवता सांगितलं, "सर, सुरुवातीपासूनच हेच ठरलं होतं. उत्सुकता टप्प्याटप्प्याने वाढवायची." सरांनी त्याला सगळ्या वर्गासमोर समजावून सांगायला लावलं. तो भरपूर बोलला. टाळ्यासुद्धा मिळाल्या.

शूटिंगच्या सकाळी बाईंनी रजा टाकली. पहिल्या शूटिंगच्या रविवारचे सगळे प्रवासी आपापल्या जागी चढले. साहेबांनी हिरवा ड्रेस खांबालगत लावला, चिमटे दोनदा ओढून बघितले. आणि लेकीला बघता यावं म्हणून तिला व्हिडिओ कॉल लावून फोनही चिमट्याने दोरीवर टांगला, मोज्यांच्या शेजारी.

"बाबा, मला नुसतं आभाळ दिसतंय!"

"थांब, वळवतो."

"आता आईचं नाक दिसतंय."

समोरच्या गच्चीवरून कट ओरडली, "काका, तयार?" गाणं सुरू झालं. मफलरने डोळे मिटले. आणि वारा? वाऱ्याचा पत्ताच नाही. शर्ट मेल्यासारखे लटकलेले. समोरच्या खिडक्यांतून बायकांनी सल्ले द्यायला सुरुवात केली. शेवटी बाईंनी पदर खोचला, पुठ्ठ्याचं मोठं खोकं फाडलं, एक तुकडा स्वतः घेतला, एक साहेबांना दिला. दोघं कठड्याआड खाली वाकून, कॅमेऱ्याला दिसणार नाही अशी, जीव खाऊन वारा घालू लागली.

"जोरात, अहो! बस चालवून चालवून हातातलं बळ गेलंय तुमच्या!"

"तू ढकलू नकोस, मला नीट घालू दे!"

"बाबा, डावीकडून! डावीकडून घाला!" दोरीवरून लेकीचा आवाज.

चादर हलली. शर्टांनी हात उचलले. हिरवा ड्रेस जरा घुटमळला, आणि नेमक्या शेवटच्या ओळीला त्याने अशी गिरकी घेतली, की समोरच्या खिडक्यांतल्या बायकांनी एकसाथ "अग्गंबाई!" केलं.

"कट!" कट किंचाळली. "झालं! काका, झालं!" मफलर आणि लोगो एकमेकांना मिठ्या मारत नाचत होते. लोगो ट्रायपॉडला अडकून पडला, तरी नाचत होता.

ती तिघं धावत जिने उतरून, रस्ता ओलांडून साहेबांच्या गच्चीवर आली, तेव्हा बाई हसत पायरीवर बसल्या होत्या. साहेब मात्र दोरीखाली, फोनच्या समोर, पाठमोरे.

"काका, बघा ना, कसलं आलंय!" कटने कॅमेरा पुढे केला.

साहेबांनी न वळता हात वर केला. "दोन मिनिटं थांबा रे पोरांनो. हिच्या खोलीत दोरी कुठे बांधायची ते चाललंय." आणि फोनकडे वाकून म्हणाले, "हं, दाराच्या वर खिळा आहे ना? दाखव बरं. नाही गं, तो नको, त्याला भार सोसणार नाही. खिडकीकडे चल."